भोंगा, काळी आणि खुराड्यातलं पॉलिटिक्स

ऑफिसच्या राजकारणाला वैतागून लाँग वीकेण्डला सोलापूर गाठलं. आत्याच्या परसात पाच कोंबड्या आणि एक कोंबडा होता. म्हणजे पुन्हा ऑफिसच! फक्त इथं अप्रेझलमध्ये अंडं मिळालं की ते खाता येतं.

शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा पकडली तेव्हा डोक्यात एकच प्लॅन होता. झोप! लॅपटॉप पुण्यात, फोन सायलेंटवर आणि सोलापूरला आत्याच्या घरची जाडजूड चादर. जानेवारीची थंडी, तीन दिवस सुट्टी. आणखी काय पाहिजे माणसाला?

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी प्लॅन फसला.

परसातून असा काही आवाज आला की मी ताडकन उठून बसले. शेजारच्या पलंगावर आत्या जागीच होती.

"भोंगा वाजला," ती शांतपणे म्हणाली. "झोप तू. अजून चार-पाचदा वाजतोय."

भोंगा म्हणजे आत्याचा कोंबडा. लालभडक तुरा, हिरवट काळी शेपटी आणि चालण्यात फुल्ल अ‍ॅटिट्यूड. त्याचं नाव उगाच पडलेलं नाही. एकेकाळी अख्खं सोलापूर गिरण्यांच्या भोंग्यावर उठायचं. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. भोंगा झाला की घरोघरी स्टो पेटायचे आणि डबे भरले जायचे. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, गिरणीतच होते. गिरण्या एकेक करत बंद पडल्या, भोंगे थांबले. काही वर्षांपूर्वी मामाही गेले. त्यानंतर आत्यानं कोंबड्या पाळल्या. "घरात काहीतरी ओरडणारं पाहिजे की," असं तिचं म्हणणं.

पण मला बोलावणं आलं होतं ते सुट्टीसाठी नव्हे. शेजारच्या प्लॉटवर नवीन अपार्टमेण्ट उभं राहिलंय. तिथल्या पहिल्या मजल्यावरच्या मुलाची भोंग्याबद्दल तक्रार होती. तो दोनदा येऊन सांगून गेला होता. तिसऱ्यांदा महापालिकेकडे जाईन म्हणाला होता. "तू शिकलेली हायस, तू बोल त्याच्याशी," आत्यानं फोनवर फर्मान काढलं होतं.

टीमची ओळख

आधी टीम भेटवते. काळी ही टीम लीड. दाणे टाकले की पहिली चोच तिची. दुसरी कुणी पुढं आली की डोक्यावर एक टोला, विषय संपला. तिच्या खाली झिपरी, मग लाली, मग पांढरी. सगळ्यात खाली तलंग, म्हणजे नुकतीच वयात आलेली, अंडी द्यायला लागलेली पोर. थोडक्यात, आपली ट्रेनी. तिला सगळ्याच टोचतात, ती कुणालाच टोचत नाही. सगळ्यांचं खाऊन झाल्यावर उरलंसुरलं तिचं.

ही उतरंड माझ्या मनातली नाही बरं का! नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे या माणसाला लहानपणापासून कोंबड्या बघायचा नाद होता. कोण कुणाला टोचतं याची तो नोंद ठेवायचा. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं ते अभ्यास म्हणून मांडलं आणि 'पेकिंग ऑर्डर' हा शब्द जगाला मिळाला. आज मॅनेजमेण्टची पुस्तकं तो शब्द ऐटीत वापरतात, पण तो मूळचा खुराड्यातला आहे. गंमत म्हणजे ही उतरंड एकदा ठरली की मारामाऱ्या कमी होतात. प्रत्येकीला आपली जागा माहीत असते. नवीन कोंबडी आली किंवा जुनी गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. आमच्या ऑफिसात रीस्ट्रक्चरिंग झालं तेव्हा दोन महिने नेमकं हेच चाललं होतं.

अंड्याचं फ्लेक्सी टायमिंग

शनिवारी सकाळी नऊ वाजता परसात ट्रॅफिक जॅम! आत्यानं अंडी घालायला तीन खोकी ठेवली आहेत. तिन्हीत सारखाच भुसा, तिन्ही सारखीच सावलीत. तरी सगळ्यांना हवं असतं मधलंच. आत काळी बसलेली. बाहेर झिपरी आणि पांढरी येरझाऱ्या घालतायत, मान आत घालून बघतायत, कुरकुरतायत. आमच्या फ्लोअरवरच्या एकुलत्या एका मीटिंग रूमबाहेरचं दृश्य आठवलं. कोंबडीला अंडं घालायला जागा सेफ वाटावी लागते आणि जिथं दुसरीनं आधी घातलंय ती जागा सगळ्यात सेफ. म्हणून शहाणे लोक खोक्यात एक अंडं तसंच राहू देतात. सगळी उचलली तर देशी कोंबडी जागाच बदलते.

मी जवळ जाऊन डोकावले तर आत्या ओरडली, "ए, बघू नको तिच्याकडं! अंडं घालायलीय ती."

एक अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढायला. त्यामुळं आज आठला घातलं तर उद्या नऊला, परवा दहाला. असं सरकत सरकत दुपार झाली की कोंबडी एक दिवस सरळ सुट्टी घेते आणि पुन्हा सकाळपासून सुरू करते. अर्ज नाही, अप्रूव्हल नाही! हिवाळ्यात दिवस लहान झाला की अंडी कमी होतात, कारण तिच्या शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी पार करतो तेव्हाही कमी होतात, कारण कोंबडीला घाम येत नाही. ती पंख पसरून, चोच उघडी टाकून धापा टाकत बसते. त्यात अंडं कोण घालणार?

काळी उठली आणि अंगणभर "कॉक कॉक कॉक कडॅक" करत फिरली. एक अंडं आणि पाच मिनिटांचं प्रेझेण्टेशन. पांढरीचा फण्डा याहून भारी. दुसरीनं अंडं घातलं की ही शेजारी उभी राहून त्याहून मोठ्यानं ओरडते. "स्वतः आठवड्यात दोन घालती, पण गाजावाजा सातही दिवस," आत्या म्हणाली. आमच्या टीममध्ये अशी दोन माणसं आहेत. नावं सांगत नाही.

आणि झिपरी? ती चोर. तिची अंडी कुठं सापडतील ते देवाला ठाऊक. आत्तापर्यंत ती टॉवेलच्या गठ्ठ्यावर, बंद पडलेल्या स्कूटीच्या पायाशी आणि मामांच्या जुन्या ट्रंकेमागं सापडली आहेत. मागं एकदा ती तीन आठवडे गायब होती. मांजरानं नेली असं समजून आत्यानं तिचा नाद सोडला. आणि एका सकाळी बाईसाहेब आठ पिल्लं घेऊन दारात हजर! मीही शनिवारी दुपारी माझी सॅक उघडी ठेवण्याची चूक केली. पुढचं सांगायला नको. नवा कुर्ता होता.

कोंबडी, कोडी, कोळी

आत्याचं घर पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. एका भिंतीपलीकडं तेलुगू, दुसऱ्या भिंतीपलीकडं कानडी. कोंबड्यांना अर्थातच भिंत वगैरे मान्य नाही. इकडं ती कोंबडी, तिकडं 'कोडी', पलीकडं 'कोळी'. कानडी आजी "कोळी आली, कोळी आली" म्हणायला लागल्या की मी लहानपणी मासे विकणारी बाई शोधायला दारात पळायचे.

गल्लीतली खरी भांडणं मात्र अंड्यावरून. कोंबडी तुमची, पण अंडं घातलं आमच्या जिन्याखाली. मग ते कुणाचं? आत्याच्या गल्लीत याचा अलिखित करार आहे. पहिलं अंडं ज्याच्या दारात त्याचं, दुसऱ्यापासून कोंबडीवालीचं. करार मोडला की तीन भाषांत भांडण होतं आणि संध्याकाळी शेंगाचटणीची वाटी इकडून तिकडं गेली की मिटतं.

हे फक्त आत्याचंच खूळ आहे असं समजू नका. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशभरात परसात पाळलेले पक्षी जवळपास ३१ कोटी ७० लाख भरले. २०१२ पेक्षा साधारण ४६ टक्के जास्त. देशी कोंबडी वर्षाला जेमतेम ६०-७० अंडी देते, फार्मवरची तीनशेच्या वर. तरीही लोक तिला पाळतात. ती उकिरड्यावर आपलं पोट आपण भरते, पिल्लं स्वतः काढते आणि घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतं. शेवटचं कारण पशुगणनेत नाही, आत्याचं आहे.

चादरीचा प्रयोग

आता मुद्द्यावर येऊ. भोंग्याचं काय करायचं? आत्यानं आधीच सगळे उपाय करून बघितले होते. आधी त्याला डालग्याखाली झाकलं. चार दहाला आवाज आला. मग डालग्यावर पोतं टाकलं. चार दहाला आवाज आला. शेवटी डालग्यावर अस्सल सोलापुरी चादर, तीसुद्धा दुहेरी. बरोबर चार दहाला आतून, जरा घोगरा, पण आवाज आलाच.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण आपण शाळेत घोकली. पण झाकलेलं कोंबडंसुद्धा गप्प बसत नाही, हे जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं. त्यांनी कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवलं, म्हणजे पहाट कधी झाली ते कळायलाच नको. तरी ते पहाटेच्या वेळेलाच आरवले. घड्याळ त्यांच्या आतच असतं. उजेड व्हायच्या दोनेक तास आधीपासून ते वाजायला लागतं.

शनिवारी संध्याकाळी मी तयारीनिशी शेजारी गेले. मनात भाषण पाठ होतं. कोंबडा आधीपासून आहे, बिल्डिंग नंतर आली वगैरे. दार उघडलं आणि भाषण विसरले. माझ्याच वयाचा मुलगा. गळ्यात हेडसेट, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, कडेवर वर्षभराची मुलगी.

"सॉरी हं, तुम्हाला त्रास," तोच आधी म्हणाला. "माझी यूएस शिफ्ट असते. साडेतीनला लॉगआउट होतो. डोळा लागतो आणि चाळीस मिनिटांत तो सुरू होतो. मग ही उठते. दोन महिने झाले, एक रात्र नीट झोपलेलो नाही."

मी काय बोलणार? मागच्याच महिन्यात मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वरच्या मजल्यावरच्या मिक्सरबद्दल मोठा निबंध लिहिला होता. सकाळी सातच्या मिक्सरबद्दल! इथं तर चार दहा.

परत आले आणि आत्याला सगळं सांगितलं. वाटलं, आता ही भडकणार. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले.

"रात्रपाळी हाय त्याची?"

"हो. घरूनच काम करतो, पण रात्रपाळीच."

आत्या थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मामा रात्रपाळीहून आले की मी अख्ख्या वाड्याला गप करायची. पोरांना हाकलायची, धुणं आपटू द्यायची नाही. शेजारणीला म्हणायची, माझा माणूस झोपलाय. तेव्हा मला कोण 'आमचं आधीपासून हाय' म्हणालं नाही." तिनं ताट बाजूला ठेवलं. "मला वाटलं उगं चैनीला तक्रार करायलंय पोरगं. रात्रपाळी हाय म्हणून आधीच सांगायचं की."

भोंग्याचा निकाल लागला. उद्या त्याला नान्नजला दिराच्या वस्तीवर सोडायचं. कापायचा विषयच नव्हता. आत्यानं रात्री त्याला हातानं दाणे घातले. मी बघत नाही असं तिला वाटत होतं.

छोटा हत्तीतून नान्नज

रविवारी दिराचा छोटा हत्ती आला. मागं खताची पोती, डालग्यात भोंगा आणि डालग्यावर हात ठेवून आत्या. बार्शी रस्त्यानं साधारण वीस किलोमीटरवर नान्नज. दोन्ही बाजूंना ज्वारी, मधे पिवळं गवताळ माळरान. वस्तीवर हुरड्याची आगटी पेटलेली होती. गरम हुरडा, शेंगाचटणी, गूळ, दही. डाएट गेलं उडत!

भोंग्याला सोडलं आणि दोन मिनिटांत वस्तीवरच्या कोंबड्यानं त्याला गाठलं. माना फुलवून, समोरासमोर उड्या मारून राडा झाला. तिसऱ्या झटापटीत आमचा भोंगा मागं सरकला आणि कडब्याच्या गंजीआड गेला. गल्लीचा सीईओ इथं फ्रेशर झाला. आत्या काही बोलली नाही, पण हातातला हुरडा तसाच राहिला.

तिचं मन रमवावं म्हणून दीर आम्हाला माळरान दाखवायला घेऊन गेले. हे माळढोकाचं अभयारण्य, १९७९ मध्ये जाहीर झालेलं. माळढोक म्हणजे माणसाच्या कमरेच्या वर उंच, नर तर पंधरा किलोपर्यंत भरणारा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सगळ्यात जड पक्ष्यांपैकी एक. आम्हाला काळवीट दिसले, चंडोल दिसले. माळढोक दिसला नाही. इथं तो आता क्वचितच दिसतो. देशभरातच दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात.

"ती मादी कुठं घालते अंडी?" आत्यानं विचारलं. तिला पक्ष्याविषयी हाच प्रश्न सुचणार!

दिरांनी सांगितलं. घरटं नाही. उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं. गुरांच्या पायाखाली गेलं किंवा कुत्र्यानं नेलं की बहुतेक वेळा तो हंगाम गेला. नर उबवायला मदत करत नाही. जैसलमेरला आता या पक्ष्यांची केंद्रात पैदास करतात आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्माला आलं.

"एकच?" आत्या म्हणाली. "आणि आमची काळी रोज एक घालून गाव डोक्यावर घेती." मग बराच वेळ ती त्या गवताकडं बघत उभी होती.

रात्री वस्तीवरच मुक्काम केला. पहाटे जाग आली ती कुणीही न आरवता. आत्याही जागी होती. दोघी कान देऊन पडून राहिलो. आधी वस्तीवरचा कोंबडा आरवला. मग गंजीआडून भोंगा.

त्याच नागोयाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हेही दाखवलं होतं, की पहिला मान वरच्या नंबरच्या कोंबड्याचा आणि बाकीचे उतरंडीच्या क्रमानं. मी आत्याला सांगितलं.

"दुसरा तर दुसरा," ती म्हणाली. "वाजला ना."

फोनवरून पुढची बातमी

मी पुण्याला परतले. आत्याला घर सुनं सुनं वाटत असेल म्हणून रोज फोन करायला लागले. आणि खुराड्यातलं पॉलिटिक्स पुन्हा तापलं!

पहिली बातमी काळीची. भोंगा ज्या भिंतीवर उभा राहायचा, तिथं आता ती उभी राहते. घार दिसली की ओरडून सगळ्यांना आत पिटाळते. कोंबडा नसला की कळपातली वरच्या नंबरची कोंबडी कधी कधी त्याचा चार्ज घेते. एखादी तर चक्क आरवायला लागते. काळीला अजून आवाज फुटलेला नाही, पण प्रॅक्टिस चालू आहे म्हणे.

दुसरी बातमी लालीची. ती खुडूक झाली. म्हणजे अंडी बंद, खोक्यात ठाण मांडून बसणं, हात घातला की चोच. खुडूक कोंबडीचं डोकं ठिकाणावर आणायला कुणी तिला थंड पाण्यात बुडवतं. आत्याला ते पटत नाही. "बसायचंय तर बसू दे."

"पण आत्या, आता कोंबडाच नाही. अंडी घालतील, पिल्लं कशी निघतील?" मी माझं ज्ञान पाजळलं. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालतेच, हे तुम्हालाही माहीत असेल. नसेल तर आज कळलं.

आत्या हसली. "कोंबडा जाऊन आठ दिवस झाले. पंधरा दिवस तरी अंडं जितं असतं. मी रोजची तारीख घालून ज्वारीच्या डब्यात ठेवलीत."

मी शोधून बघितलं. कोंबडीच्या शरीरात नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकून राहतं. म्हणजे आत्या बरोबर आणि मी चूक. अकरा अंडी लालीखाली गेली. एकवीस दिवसांनी फोन आला, तेव्हा मागं नुसता चिवचिवाट. नऊ निघाली!

"शेजारचं पोरगं आलं होतं," आत्या सांगत होती. "लेकीला पिल्लं दाखवायला. तब्येत सुधारली त्याची. रोज संध्याकाळी येतंय आता. ती पोरगी तर जायला मागत नाही. काल त्यानं एक पिल्लू हातात धरलं आणि म्हणतो, काकू, किती शांत आहेत हो ही."

मी मनात हिशेब केला. नऊ पिल्लं. त्यातले साधारण निम्मे कोंबडे. चार-पाच महिन्यांत आवाज फुटणार.

"आत्या, त्याला सांगितलंस का?"

पलीकडं जरा वेळ चिवचिवाटच ऐकू आला.

"पावसाळ्यापर्यंत झोपू दे की त्याला," आत्या म्हणाली. "आणि दिरांना म्हणून ठेव, गंजी मोठी घाला."

जायचंय?

कसं जाल: पुण्याहून सोलापूर साधारण अडीचशे किलोमीटर. हुतात्मा एक्स्प्रेसनं चारेक तास. या गाडीचं नाव सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरून पडलं. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. सीटवर पाय पसरताना एकदा आठवा.

कधी जाल: डिसेंबर ते फेब्रुवारी. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, त्यानंतर हुरडा. एप्रिल-मेमध्ये कोंबड्यासुद्धा बाहेर पडत नाहीत.

काय पाहाल: सिद्धेश्वर मंदिर आणि तलाव, भुईकोट किल्ला, नान्नजचं माळरान. माळढोक दिसेलच अशी आशा ठेवू नका. गवतात आवाज करू नका आणि गाडी रस्त्यावरच ठेवा.

काय खाल: कडक भाकरी, शेंगाचटणी, हुरडा. कुणाच्या घरी उतरलात तर गावरान अंड्याची पोळी मागून खा.

काय आणाल: चादर, टॉवेल, शेंगाचटणी.

आणि हो, सॅकची चेन लावून ठेवा.